काटा तीसवर, पाणी पाइपात: बंदरावरच्या एका शीतगृहाचं व्हॅक्यूम

पार्श्वभूमी

मालवण ते देवगड या पट्ट्यातल्या एका बंदराजवळची ही गोष्ट. गावाचं आणि मालकाचं नाव घेत नाही. त्यांना इथे ‘शेठ’ म्हणू. चुका बहुतेक आमच्याच होत्या. आम्ही म्हणजे एसी-फ्रीज-कोल्डरूमची सर्व्हिस करणारं तीन माणसांचं दुकान: मी, तीस वर्षं याच धंद्यात असलेले एक मिस्त्री (सगळे त्यांना आबा म्हणतात) आणि आयटीआय करून आलेला एक पोरगा.

शेठची मासळी ठेवायची खोली बारा बाय दहा फुटांची, उणे 18 अंशांची. सुरमई, सरंगे आणि भाव पडला की बांगडेही. कंडेन्सिंग युनिट तीन एचपीचं, स्लॅबवर पत्र्याच्या शेडखाली. गॅस आर-404ए. समुद्र दीडशे पावलांवर, म्हणजे खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरचे (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचे) यू-बेंड चार वर्षांत खाल्ले यात नवल नाही. मे महिन्याच्या शेवटी गळती झाली आणि सगळा गॅस गेला.

वेळ त्यातल्या त्यात बरी होती. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे शेठनी खोली रिकामीच केली होती. नवा कंडेन्सर कोल्हापूरहून यायचा होता. जुना कापून काढला, कॉम्प्रेसरचे सक्शन (गॅस आत घेणारा) आणि डिस्चार्ज (बाहेर टाकणारा) दोन्ही सर्व्हिस व्हॉल्व्ह बंद केले आणि उघड्या पाइपांच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळली. दोन दिवसांत काम पुढे सरकेल या हिशेबाने. घाटात दरड आली, माल अडकला आणि ते पाइप नऊ दिवस तसेच राहिले. जुलैमधले नऊ दिवस. कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलैचा, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

आता व्हॅक्यूम पंपाविषयी, म्हणजे नवा गॅस भरण्याआधी पाइपांतली हवा आणि ओल ओढून काढणाऱ्या पंपाविषयी, कारण खरं प्रकरण त्याचं आहे. दोन स्टेजचा रोटरी व्हेन (आत पाती फिरणारा) पंप, पाच सीएफएम, म्हणजे मिनिटाला सुमारे 140 लिटर हवा ओढणारा. डब्यावर लिहिलेलं अंतिम व्हॅक्यूम 25 मायक्रॉन. एप्रिल-मे त्याने तारकर्लीच्या होमस्टेंचे स्प्लिट एसी बसवण्यात घालवले. रोज दोन, कधी तीन. टेम्पोत तो आडवा पडायचा. इनलेटची टोपी कधीच हरवली होती, तिथे फडक्याचा बोळा असायचा. तेल कधी बदललं होतं ते कुणाला आठवत नव्हतं, आणि ज्या अर्थी आठवत नव्हतं त्या अर्थी बदललेलंच नव्हतं.

अडचण

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात नवा कंडेन्सर बसला. ब्रेझिंग झालं, नवा फिल्टर ड्रायर (लाइनमधला ओलावा शोषणारा डबा) लागला. कोरडा नायट्रोजन भरून 300 पीएसआयवर रात्रभर ठेवला. काटा हलला नाही. (नायट्रोजन म्हणजे नायट्रोजनच. कॉम्प्रेसरच्या तेलाशी ऑक्सिजनची गाठ पडली तर स्फोट होतो. ‘सिलिंडर सिलिंडरच असतो’ म्हणणारे अजून भेटतात म्हणून कंसात का होईना लिहितो.) गळती नाही ही खात्री झाली. सर्व्हिस व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत आणले, म्हणजे कॉम्प्रेसरही लाइनला जोडला गेला, आणि दुपारी पंप लावला.

वीस मिनिटांत मॅनिफोल्डच्या (नळ्या आणि दाबाचे मीटर जोडलेल्या ठोकळ्याच्या) निळ्या मीटरचा काटा तीस इंचांच्या रेघेवर टेकला. आबांनी हात पुसले. आर-22 या जुन्या गॅसच्या काळात काम इथेच संपायचं: काटा टेकला, अर्धा तास द्यायचा, गॅस सोडायचा.

पोराने मात्र नवा घेतलेला मायक्रॉन मीटर जोडला. आकडा आला 5,600. तासाने 5,600. चार तासांनी 5,550.

हा आकडा ज्यांच्या रोजच्या कामात नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब म्हणजे 760 मिलिमीटर पारा. एक मायक्रॉन म्हणजे त्या एका मिलिमीटरचा हजारावा भाग. 28 अंशांवर पाणी साधारण 28 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला उकळायला लागतं. काट्याच्या मीटरवर ही जागा येते 28.8 इंचांच्या आसपास. म्हणजे पाइपातलं पाणी उकळून बाहेर काढण्याचं सगळं काम 28.8 ते 29.92 (पूर्ण पोकळी) या एका इंचाच्या पट्टीत होतं. आपल्याला हवे ते 500 मायक्रॉन आणि आमच्याकडे आलेले 5,600 यांत काट्याच्या मीटरवर फरक आहे एक पंचमांश इंचाचा. काट्याचीच जाडी तेवढी असते. आबांचा काटा खोटं बोलत नव्हता. त्याला फक्त तेवढं बारीक दिसत नव्हतं.

संध्याकाळी शेठ जिना चढून वर आले.

“काटो खाली टेकलो मां? मगे भर की गॅस. आणि किती वेळ खेचतलंस?”

समोर असलेले पर्याय

स्लॅबवर छत्री धरून चौघं जे बोललो ते असं.

शेठचं आणि खरं सांगायचं तर आबांचंही मत: गॅस भरा. आजवर असंच केलंय, मशिनं चालली आहेत. हे खोटं नाही. पण ती मशिनं बरीचशी आर-22 आणि मिनरल तेलाची. मिनरल तेल पाण्याला फारसं जवळ करत नाही. आर-404ए सोबत पीओई हे कृत्रिम तेल असतं, ते हवेतला ओलावा मिठासारखं शोषतं आणि पाण्याबरोबर त्याचं हळूहळू आम्ल होतं. शिवाय उणे 18च्या खोलीत एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (गॅस बारीक भोकातून खोलीतल्या कॉइलमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) तोंडाशी पाण्याचा एक थेंब गोठला की गॅसची वाट बंद. खोली गरम होते, बर्फ वितळतो, मशीन पुन्हा चालू होतं, पुन्हा गोठतं. ग्राहक म्हणतो, ‘मशीन आपोआप बरं होतं.’ ऑगस्टमध्ये चार टन मासळी आत असताना हे नको होतं.

दुसरा पर्याय, गळती शोधायची. पण नायट्रोजन रात्रभर धरला होता. दाबाला न गळणारा जोड क्वचित व्हॅक्यूमला गळतो हे खरं, तरी ती शंका यादीत खालची.

तिसरा, पंप रात्रभर चालू ठेवायचा. यात कुणालाच डोकं चालवावं लागत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना पसंत पडला.

चौथा पर्याय पोराने मांडला: “काका, आधी पंप एकटा तपासून बघूया ना? सिस्टीमला न लावता?” पाच मिनिटांचं काम होतं. पंपाच्या इनलेटवर थेट मायक्रॉन मीटर, मध्ये काही नाही, आणि पंप सुरू. मी म्हटलं, उद्या बघू. पाऊस वाढला होता आणि चहा खाली होता. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे वाक्य.

पहिली कृती, आणि रात्रीचा घोटाळा

पंप चालू ठेवून आम्ही घरी गेलो. रात्री दोनच्या सुमारास लाइट गेली.

पंप थांबला. एका बाजूला पोकळी, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टमधून मोकळी हवा. चांगल्या पंपात उलटा ओढा अडवणारा व्हॉल्व्ह असतो. आमच्यात होता, पण जाम झालेला. सिस्टीमने पंपातून उलटा श्वास घेतला: पावसाळी रात्रीची दमट हवा आणि तिच्याबरोबर पंपाचं तेल. सकाळी मायक्रॉन मीटर वातावरणाचा दाब दाखवत होता आणि पंपाच्या काचेत तेलाची पातळी खालच्या रेघेच्याही खाली. पंपाला जोडलेली पिवळी नळी उलटी धरली तेव्हा त्यातून तेल आलं. ते तेल बघून पोटात गोळा आला.

तेल पारदर्शक नव्हतं. नारळाच्या दुसऱ्या दुधासारखं पांढरट, पातळ, वर बारीक फेस. आबांनी बोटावर घेतलं, चोळलं आणि कुणाकडे न बघता म्हणाले, “ह्यात पाणी आसा.”

आणखी वाईट म्हणजे रात्री कॉम्प्रेसरचे सर्व्हिस व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत होते. नऊ दिवस आम्ही कॉम्प्रेसरच्या तेलाला हवा लागू दिली नव्हती. त्या एका रात्रीत ती लागली.

पंप उघडला तेव्हा

आता पंप एकटा तपासला. 1,900 मायक्रॉन. म्हणजे निव्वळ पंप, टोकाला काहीही नसताना, आमच्या गरजेच्या चौपट दाबावर अडकत होता. असा पंप जोडून सिस्टीमकडून 500ची अपेक्षा करणं म्हणजे बुडाला भोक असलेल्या बादलीने विहीर उपसणं.

गॅस बॅलास्टचा छोटा स्क्रू बघितला तर त्यावर टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळलेली. आबांनीच दोन वर्षांपूर्वी, “हयसून हवा खेचता, लीक आसा” म्हणून बंद केला होता. त्यांना मी दोष देत नाही, कारण तो स्क्रू कशासाठी असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

त्याचं काम असं. पंप पाइपातली वाफ ओढतो आणि बाहेर टाकण्यासाठी तिला पुन्हा वातावरणाच्या दाबापर्यंत दाबतो. पंपाचं अंग साठ-सत्तर अंशांवर असतं. पण पाण्याची वाफ त्या तापमानाला दीडशे ते सव्वादोनशे मिलिमीटरच्या वर दाबली की तिथेच तिचं पाणी होतं. 760पर्यंत पोचायच्या खूप आधी. हे पाणी बाहेर जात नाही, तेलात मिसळतं. तेच तेल फिरून इनलेटच्या बाजूला येतं, तिथे दाब कमी असतो म्हणून पाणी पुन्हा वाफ होतं. पंप आपलंच पाणी पुन्हा पुन्हा ओढत बसतो. बॅलास्ट उघडा असला की दाबण्याच्या शेवटच्या टप्प्यात थोडी बाहेरची हवा आत येते, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि वाफ पाणी व्हायच्या आत हवेबरोबर निघून जाते. बॅलास्ट उघडा असेपर्यंत पंप तळाचा आकडा गाठत नाही हे खरं. म्हणून सुरुवातीला उघडा ठेवायचा, मोठी ओल निघून गेली की बंद. आमच्याकडे, जिथे जुलैत भिंतींनाही घाम फुटतो, तिथे तोच बंद केलेला.

पंप दहा मिनिटं चालवून गरम केला, कारण गरम तेल पातळ होतं आणि तळातली घाण घेऊन निघतं. तेल काढलं. नवं तेल ओतलं, व्हॅक्यूम पंपाचंच. (कॉम्प्रेसरचं उरलेलं तेल वापरायची सवय आमच्याही दुकानात होती. त्या तेलातून निघणारी वाफच पंपाचा आकडा वर ठेवते.) पाच मिनिटं चालवून तपासलं: 640. तेल पुन्हा पांढुरकं. बदललं, 190. तिसऱ्यांदा बदललं, 60. तेल आता काचेत दिसेनासं झालं, म्हणजे इतकं स्वच्छ की पातळीची रेघ शोधावी लागत होती. एका बदलाने भागत नाही, कारण व्हेनच्या फटींत आणि व्हॉल्व्हच्या खोबणीत जुनं तेल उरतंच. उलटा ओढा अडवणारा व्हॉल्व्हही काढून धुतला. गंजाच्या एका कणाने तो उघडा धरला होता. मायक्रॉन मीटरच्या सेन्सरवरही तेल चढलं होतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून वाळवलं. हे केलं नाही तर मीटर चुकीचा आकडा ठामपणे दाखवत राहतो.

व्होल्टेज 185च्या आसपास होतं, पंप सुरू होताना गुरगुरायचा. स्टॅबिलायझर लावला आणि सुरू करताना इनलेट दोन सेकंद उघडं ठेवलं. मग त्याने कुरकुर केली नाही.

मांडणी बदलली

आधीची मांडणी कशी होती ते आता बघितलं आणि लाज वाटली. पाव इंची चार्जिंग नळ्या, मध्ये मॅनिफोल्ड, दोन्ही टोकांना सर्व्हिस पोर्टच्या आतली, सायकलच्या व्हॉल्व्हसारखी पिन जागच्या जागी. त्या पिनेभोवतीच्या फटीतून सगळं ओढायचं. आणि मायक्रॉन मीटर मॅनिफोल्डवर, पंपाच्या शेजारी. तो मुख्यतः पंपाची तब्येत सांगत होता, लाइनची नव्हे.

नव्या मांडणीत मॅनिफोल्ड काढूनच टाकला. तीन अष्टमांश इंची दोन नळ्या, सक्शन आणि लिक्विड दोन्ही बाजूंनी. पिना काढायच्या हत्याराने पिना बाहेर. नळीचा व्यास दीडपट झाला की तिची वहनक्षमता साडेतीन ते पाचपट होते. नळी आखूड असेल तर आणखी फायदा. मीटर लावला पंपापासून सगळ्यात लांब असलेल्या टोकावर. लिक्विड लाइनमधला सोलेनॉइड व्हॉल्व्ह करंट नसताना बंद असतो, त्याच्या पलीकडचा तुकडा कोंडलेला राहतो. तो चुंबकाने उघडा ठेवला. कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा क्रॅंककेस हीटर चालू केला, पण कॉम्प्रेसरच्या मुख्य स्विचचा फ्यूज काढून पोराच्या खिशात. पोकळीत असताना चुकून कॉम्प्रेसर सुरू झाला तर आत ठिणगी पडून वाइंडिंग जळू शकतं.

पंप सुरू केला. आकडा भराभर उतरला, दहा हजार, सहा हजार, साडेचार हजार. मग मंदावला. 2,400 वर येऊन थांबला.

आता पंपावर शंका घ्यायला जागा नव्हती. मघाच 60 दाखवणारा पंप होता. त्याला अलग केलं तर आकडा 2,400 वरून किंचित चढून थबकला. गळती असती तर तो चढतच गेला असता. थबकणं म्हणजे आत काहीतरी उकळतंय किंवा वाफाळतंय आणि आपल्या दाबाला येऊन शांत होतंय. म्हणजे पाणी. पण कुठे?

आबा इथे कामाला आले. त्यांनी मीटरकडे बघितलंच नाही. खाली गेले आणि सक्शनचा पाइप जिथे खोलीच्या भिंतीतून बाहेर पडून स्लॅबकडे वर चढतो तिथे हात लावत लावत आले. चढाच्या बुडाशी तेलासाठी यू-आकाराचा ट्रॅप असतो. तिथलं काळं फोम त्यांनी सुरीने वीतभर चिरलं. उघड्या तांब्यावर आमच्यासमोर दव आलं आणि दवाचा पांढरा बुरा झाला. मशीन बंद, बाहेर 28 अंश, आणि पाइपाला बर्फ.

नऊ दिवस उघडं राहिलेलं सक्शनचं तोंड स्लॅबवर होतं. चिकटपट्टीतून झिरपलेलं पावसाचं पाणी सरळ खाली येऊन या यूमध्ये साठलं होतं. साडेचार हजार मायक्रॉनच्या खाली पाणी पाणी म्हणून राहू शकत नाही. जोराने ओढलं की उकळताना स्वतःचीच उष्णता गमावून गोठतं. 2,400 मायक्रॉन हा साधारण उणे आठ अंशांवरच्या बर्फाच्या वाफेचा दाब. आम्ही पंप सुधारला आणि त्या चांगल्या पंपाने पाण्याचा बर्फ केला.

दुसरा निर्णय: उकळायचं की कापायचं

इथे दोन वाटा होत्या. ट्रॅप कापायचा, पाणी ओतून टाकायचं, नायट्रोजनने फुंकायचं, पुन्हा जोडायचं. किंवा उष्णता देऊन पंपानेच काढायचं.

आम्ही दुसरी घेतली. कारण शेठ दर तासाला जिना चढत होते आणि ‘पुन्हा कापतो’ हे त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती. तांत्रिक कारण शोधलं तर सापडेलही, पण खरं कारण ते होतं.

500 वॉटचा हॅलोजन दिवा ट्रॅपपासून फूटभर लांब ठेवला. टॉर्चची ज्योत नाही, शेजारी फोम होतं. पाच मिनिटांत मीटर 2,400 वरून 5,000च्या वर उसळला. पोरगा घाबरला, मला मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. बॅलास्ट उघडा ठेवला. एक्झॉस्टमधून दिसेल इतकी वाफ येत होती.

थोडा हिशेब. एक ग्रॅम पाण्याची एक मिलिमीटर दाबाला वाफ होते हजार लिटरच्या वर. मिनिटाला 140 लिटर ओढणाऱ्या पंपाला नळी-बिळीचा अडथळा धरला नाही तरी ग्रॅममागे सात मिनिटं. अर्ध्या चहाच्या कपाएवढं, पन्नास ग्रॅम पाणी असेल तर सहा तास. जास्त दाबावर उकळवलं तर वेळ कमी, म्हणून दिवा. पण तेवढं सगळं पाणी शेवटी पंपाच्या तेलातून जाणार. त्या दिवशी आम्ही आणखी दोनदा तेल बदललं.

संध्याकाळी 1,800 ला आल्यावर पंप अलग करून कोरडा नायट्रोजन सोडला, वातावरणापेक्षा दोन-तीन पीएसआय वर. वीस मिनिटं ठेवला. नायट्रोजन ओलावा आपल्यात घेतो आणि कोपऱ्यांतून ढवळून काढतो. यावेळी तो सोडला ट्रॅपच्या बाजूने. पुन्हा ओढलं: 900. रात्री दहाला सगळं बंद करून, व्हॉल्व्ह मिटून, नायट्रोजनच्या दाबाखाली ठेवून गेलो. पंप चालू ठेवून नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा 430. पंप अलग केला. पंधरा मिनिटांनी 610, अर्ध्या तासाने 680, तासाने 690. चढून थांबला, हजाराच्या बराच खाली. आबांनी चष्मा लावून तो आकडा स्वतः वाचला.

तिसरा निर्णय: कॉम्प्रेसरचं तेल

लाइट गेलेल्या रात्री कॉम्प्रेसरच्या पीओई तेलाला दमट हवा लागली होती. एकदा त्यात मुरलेलं पाणी व्हॅक्यूमने फारसं निघत नाही. तेल तरी बदला, नाहीतर ड्रायरवर भिस्त ठेवा. शिवाय पंपाचं थोडं मिनरल तेल लाइनमध्ये गेलं असण्याची शक्यता होतीच, जरी बहुतेक सगळं नळीत सापडलं.

तेल बदलणं म्हणजे दीड लिटर सीलबंद डबा कोल्हापूरहून, आणखी दोन दिवस, आणि खर्च आमच्या खिशातून, कारण चूक आमची. 31 जुलै चार दिवसांवर होती. आम्ही तेल बदललं नाही. त्याऐवजी एका नंबरने मोठा ड्रायर लावला, पुढे ओलावा दाखवणारी साइट ग्लास बसवली आणि अठ्ठेचाळीस तासांनी ड्रायर बदलायचं ठरवलं. गॅस वजनावर, लिक्विड स्वरूपात भरला; आर-404ए तीन वायूंचं मिश्रण आहे, वाफेने भरलं तर प्रमाण बिघडतं.

परिणाम

30 जुलैला रात्री खोली उणे 18 ला पोचली. साइट ग्लासचा ठिपका पिवळसर होता (पिवळा म्हणजे ओल, हिरवा म्हणजे कोरडं). ड्रायर बदलल्यावर हिरवट-पिवळा. तीन आठवड्यांनी तिसरा ड्रायर लावला तेव्हा हिरवा झाला आणि दिवाळीपर्यंत हिरवाच होता. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह एकदाही गोठला नाही.

ज्या 1 ऑगस्टसाठी आमची धावपळ चालली होती, त्या दिवशी समुद्र इतका खवळलेला होता की बंदरातून फारशा बोटी सुटल्याच नाहीत. शेठच्या खोलीत पहिला माल आठवड्याने आला. तेलासाठी दोन दिवस सहज मिळाले असते.

बिलावरून वाजलं. तीन दिवसांची मजुरी, नायट्रोजन, पंपाचं तेल, दोन जादा ड्रायर. शेठनी कागद वाचला, परत केला आणि म्हणाले, “हवा काढूचे पैशे?” पाइप उघडे ठेवले होते आम्ही, पंप नासवला होता आम्ही, त्यामुळे फार ताणलं नाही. नायट्रोजन आणि एका ड्रायरचे पैसे त्यांनी दिले. बाकी आमच्या अंगावर.

पुन्हा हेच काम आलं तर

उघडे पाइप चिकटपट्टीने बांधणार नाही. तोंड चेपून ब्रेझ करायचं किंवा फ्लेअरची बंद टोपी लावायची, आणि आत थोडा नायट्रोजन धरून ठेवायचा. दोनशे रुपयांचं काम.

पाणी असल्याचा संशय आला की आधी सगळ्यात खालची जागा शोधून कापायची. व्हॅक्यूम पंप वाफ काढायचं यंत्र आहे, पाणी उपसायचं नव्हे. त्या दिवशी ट्रॅप कापला असता तर एक दिवस आणि दोन वेळचं तेल वाचलं असतं. शेठना सांगायला जड गेलं असतं एवढंच.

पंप चालू ठेवून कुणी घरी जात नाही. नळीत पंपाच्या तोंडाशी आता बॉल व्हॉल्व्ह आहे, आणि करंट गेला की आपोआप मिटणारा सोलेनॉइड लावायचा विचार आहे. आबा म्हणतात त्यापेक्षा एक माणूस बसवावा.

पंपाच्या हँडलला पोराने लॅमिनेट केलेला कागद बांधलाय. रोज सकाळी दुकानातून निघण्याआधी पंप एकटा चालवून आलेला आकडा त्यावर लिहायचा. शंभरच्या वर गेला तर तेल बदलल्याशिवाय टेम्पोत चढवायचा नाही. पावसाळ्यात तर प्रत्येक ओल्या कामानंतर तेल बदलतो. काढलेलं तेल गटारात नाही, कॅनमध्ये. बॅलास्टवरची टेप गेली. इनलेटला नवी पितळी टोपी आणली आणि ती आबांनी मासेमारीच्या नायलॉन दोरीने पंपालाच बांधून टाकली.

कॉम्प्रेसरचं तेल तेव्हा बदलायला हवं होतं असं माझं आजही मत आहे. आबांना तसं वाटत नाही. ठिपका हिरवा आहे ना, म्हणतात. पुढच्या जूनमध्ये खोली रिकामी झाली की शेठना न विचारता थोडं तेल काढून आम्ल तपासणार आहे. त्यासाठीची तपासणी-बाटली आणून ठेवली आहे.